बाबा, फॉरमॅट मारू देऊ नका

ती. आई-बाबांना सा. न.

आईने पाठवलेला लॅपटॉपवरच्या निळ्या पडद्याचा फोटो ताईने आणि मी, दोघींनी नीट पाहिला. बाबा, आधी एवढं ऐका: लॅपटॉप दुकानात नेऊ नका, आणि नेलाच असेल तर त्या पोराला फॉरमॅट मारू देऊ नका. आजीच्या ओव्यांची रेकॉर्डिंग, मंडळाचा हिशेब, सगळं आत जसंच्या तसं आहे. तो पडदा मागतोय ती ४८ आकड्यांची किल्ली सापडली आहे. ती वेगळ्या कागदावर मोठ्या टायपात छापून या पाकिटातच घातली आहे. फोनवर आकडे सांगायचा प्रयोग आपण करून बघितलाच. तुमचं "हॅलो, परत सांग" आणि मागे आईचा कुकर. त्यापेक्षा कागद बरा.

"मी काहीच केलं नाही, मग हे झालं कसं?" असं तुम्ही विचारत होतात. खरंच तुम्ही काही केलेलं नाही. हल्लीच्या विंडोज लॅपटॉपवर सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचं खातं घातलं की डिस्कवरचा सगळा मजकूर बऱ्याचदा आपोआप सांकेतिक करून ठेवला जातो. हे विंडोजमधल्या बिटलॉकर नावाच्या कुलपाचं काम. आपल्या होम आवृत्तीत त्याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. एरवी ते जाणवतही नाही, कारण उघडायची सोय लॅपटॉपमधल्या टीपीएम नावाच्या चिपकडे असते. मशीन चालू होताना सगळं ओळखीचं दिसलं की ती मुकाट्याने उघडून देते. बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचं, अपडेट आलं, एखादं सेटिंग बदललं, कुणी मदरबोर्ड बदलला, की तिला संशय येतो. मग निळा पडदा येतो आणि ४८ आकडे मागतो. जुलै २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर काही मशीनवर असाच पडदा आला होता आणि मायक्रोसॉफ्टने तसं मान्यही केलं होतं. आदल्या रात्री तुमच्याकडे अपडेट चालू होतं असं आई म्हणाली, तेव्हा कारण तेच असावं.

आता किल्ली कुठे होती ते. तुम्ही तुमच्या ईमेलने शोधलीत, तिथे ती नव्हतीच. लॅपटॉप घेतला तेव्हा ताई दिवाळीला आली होती आणि तिनेच स्वतःच्या खात्याने तो सुरू करून दिला होता. ज्याचं खातं, त्याच्याकडे किल्ली. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर तिच्या खात्यात उपकरणांच्या यादीत दोन किल्ल्या निघाल्या, एक तिच्या स्वतःच्या मशीनची. फोटोतल्या पडद्यावर 'की आयडी' दिसतो ना, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून आपली कुठली ते ठरवलं. आई, तू फोटो काढलास हे फार बरं केलंस. खात्यातली किल्ली गेली असती आणि कुठे लिहूनही ठेवलेली नसती, तर खुद्द मायक्रोसॉफ्टसुद्धा ती परत देऊ शकत नाही.

आकडे घालताना घाई नको. सहा-सहाचे आठ गट आहेत. मधल्या रेघा आपोआप येतात, त्या टाकायच्या नाहीत. कीबोर्डवरच्या वरच्या ओळीतले आकडे वापरा. ते चालले नाहीत तर एफ१ ते एफ९ ही बटणं १ ते ९ साठी आणि एफ१० शून्यासाठी चालतं. प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे एखादा गट चुकला तर मशीनच तो गट पुन्हा मागतं. बाबा, गणिताचे मास्तर म्हणून तुम्हाला ही गंमत आवडेल: प्रत्येक गट म्हणजे ० ते ६५५३५ मधली एक संख्या गुणिले ११. म्हणजे कुठलाही गट ७२०८८५ च्या वर जात नाही. कागदावर एखाद्या गटाच्या सुरुवातीला तुम्हाला ८ किंवा ९ दिसला, तर आकडा वाचण्यात चूक आहे, चष्मा लावा. आकडा चुकला म्हणून फायली पुसल्या जात नाहीत, त्याची भीती बाळगू नका.

दुकानातला पोरगा म्हणाला ना, "काका, पाच हजारात सॉफ्टवेअरने तोडून देतो"? शक्य असलेल्या किल्ल्यांची संख्याच ३९ आकडी आहे. तो डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावेल, तिथेही हेच ४८ आकडे मागितले जातील. मग फॉरमॅट मारून नवं विंडोज घालून देईल आणि म्हणेल, झालं. त्यानंतर पाकिटातली किल्लीही उपयोगाची राहणार नाही. मला त्याचा राग नाही, त्याला तेवढंच शिकवलंय. पण गूगलवर सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर मात्र फोन करू नका, आणि कुणी एनीडेस्क (दुसऱ्याला लांबून आपलं मशीन चालवू देणारं अॅप) घ्यायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवायचं.

जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कचं प्रकरण अगदी वेगळं आहे, दोन्हींची गल्लत करू नका. ती डिस्क केबलने लॅपटॉपला जोडली की फोल्डरवर 'अॅक्सेस डिनाइड' येतं. तिथे मजकूर उघडाच आहे, फक्त सातबारा जुन्या मालकाच्या नावावर राहिलाय. विंडोज 'बाबा' हे नाव ओळखत नाही, त्यामागचा एक लांबलचक क्रमांक ओळखतं, आणि नव्या मशीनवरचा 'बाबा' त्याच्या लेखी परका माणूस आहे. 'कंटिन्यू' दाबून थांबा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं, मोठा फोल्डर असला तर वेळ लागतो. नाही झालं तर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड असं जाऊन 'ओनर' बदलायचा. ते मी करून देईन. लॅपटॉपच्या स्वतःच्या विंडोज फोल्डरवर हा प्रयोग कधी करू नका.

वंशावळीची फाईल तर कुलूपबंद नाहीच. ती उघडते, फक्त इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, कारण तुम्ही ती श्रीलिपीत टाइप केली होती आणि तो फॉन्ट नव्या मशीनवर नाही. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. मी ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी दिसणाऱ्या मराठीत, करून देते. जोडाक्षरं थोडी बिघडतील, ती तुम्हीच तपासा. पणजोबांचं नाव मी चुकवलं तर तुम्हीच ओरडाल.

लॅपटॉप उघडला की इतर काही करण्याआधी ओव्यांचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. ताईचं म्हणणं, एन्क्रिप्शन कायमचं बंदच करून टाकू, घरातला लॅपटॉप नेतंय कोण. मला ते पटत नाही. त्यात तुमचे पॅन, पेन्शनचे कागद, बँकेची स्टेटमेंट आहेत. लॅपटॉप चोरीला गेला तर ती कुणाच्या हाती लागायला नकोत. किल्लीच्या दोन प्रती ठेवा, एक लोखंडी कपाटात आणि एक मामांकडे. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र नको.

ताई शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करेल. तोवर चार्जर लावून ठेवा आणि चष्मा शोधून ठेवा. आई, त्या वेळी कुकर लावू नकोस.

तुमची,
धाकटी