सुध्या, तुझं वाक्य परत ऐकलं

सुध्या,

मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, विषय संपला.

लिहायला बसलो कारण वर्गात क्रुसेड (जेरुसलेम मुसलमानांकडून घ्यायला निघालेल्या ख्रिस्ती लोकांची धर्मयुद्धं) शिकवत होतो आणि मागच्या बाकावरच्या एका पोराने तुझंच वाक्य फेकलं, "सर, त्या काळी असंच असायचं." वर खांदेही तुझ्यासारखेच उडवले! यावरून आपण हॉस्टेलच्या गच्चीवर किती भांडलोय, एकदा तर तू माझी चप्पल खाली भिरकावलीस. पोराशी बोलता बोलता बेल झाली, उरलेलं आता तू ऐक.

अरे, त्या काळी म्हणजे नक्की कधी? १०६६ ला फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंडात हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि त्यांच्याच बिशपांनी त्यांच्याच सैनिकांना प्रायश्चित्त लावलं. मारलेल्या दर माणसामागे एक वर्ष. किती मारले माहीत नसेल तर जन्मभर आठवड्यातून एक दिवस, नाहीतर चर्च बांधून द्यायचं. नुसत्या कमाईसाठी लढला असशील तर सरळ खुनाचं प्रायश्चित्त. म्हणजे मुडदे मोजत होते रे! आणि मग १०९५ ला फ्रान्समधल्या क्लेरमाँच्या चर्च परिषदेत, पोप दुसरा अर्बन समोर असताना, ठराव होतो की मानासाठी किंवा पैशासाठी नाही, निव्वळ भक्तीने जो जेरुसलेम सोडवायला जाईल त्याला तो प्रवासच प्रायश्चित्त म्हणून धरला जाईल. अट झकास, पण मनात काय आहे हे तपासणार कोण, तलाठी? आधी मारल्याबद्दल प्रायश्चित्त होतं, आता मारायला निघणं हेच प्रायश्चित्त. मला खुपतं ते हे.

पुढच्याच वर्षी क्रुसेडला निघालेल्या टोळ्या जर्मनीतल्या माइन्झला आल्या तेव्हा तिथल्या ज्यूंनी आर्चबिशपच्या वाड्यात आसरा घेतला, टोळीच्या एमिखो नावाच्या सरदाराला सोनंही दिलं. त्याने सोनं घेतलं आणि कत्तलही केली. १०९९ ला जेरुसलेम क्रुसेडवाल्यांच्या हाती पडलं तेव्हाचं फुल्चर नावाचा पाद्री लिहितो (तो त्यांच्याच बाजूचा हं), की जो घरात आधी शिरेल त्याचं ते घर, मग तो गरीब का असेना. मेलेल्यांनी सोन्याची नाणी गिळली असतील म्हणून पोटं फाडली, नंतर प्रेतांचे ढीग जाळून राखेत नाणी शोधली. त्या राखेपाशी माझं डोकं अडकतं बघ.

पण आखेनचा आल्बर्ट, क्रुसेडचा इतिहास लिहिणारा, तोही ख्रिस्ती, त्याच जमान्यातला, लिहून गेलाय की एमिखोच्या लोकांनी देवाच्या न्यायापेक्षा पैशाच्या हावेने ज्यू मारले, म्हणून देवाने पुढे त्यांची वाट लावली. आणि १४१५ च्या सुमारास कॉन्स्टन्सच्या चर्च परिषदेत पोलंडमधल्या क्राकोवचा पंडित पावेल व्लोदकोवित्स भांडला, की ख्रिस्ती नाहीत म्हणून कुणाची जमीन हिसकावता येत नाही. १४५२ ला पोपनेच पोर्तुगालच्या राजाला त्याच्या बरोब्बर उलट परवानगी दिली ती गोष्ट वेगळी, गोव्याच्या लोकांना त्याचं पुढचं सांगायला नको. पण "असंच असायचं" हे त्या काळातल्या सगळ्यांना कुठे मान्य होतं? त्यातलेच काही जण ओरडत होते, तुझ्यासारखे गप्प नव्हते बसले!

बरं, वहिनींचा गुडघा कसा आहे? चिनूला ॲडमिशन मिळाली का? नाशिकच्या फ्लॅटचं काय ठरलं तेही कळव.

उत्तर लिहूनच पाठव, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

तुझा,
बाळ्या