ती शिम कुणी लावली होती, काका

काका,

एअरसॉफ्टच्या मैदानावर, म्हणजे जिथे बॅटरीवरच्या खेळातल्या बंदुकांनी प्लास्टिकचे छर्रे मारत खेळतात तिथे, सगळे तुम्हाला काकाच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. त्या दिवशी नुसतं ‘थँक यू काका’ म्हणून मी पळाले. तेवढ्यानं भागणार नाही हे पळतानाच कळत होतं, पण तीन महिन्यांनी बंदूक नीट चालली होती आणि मला जराही दम नव्हता.

तुम्ही मला पाहिलंत तेव्हा मी बाकावर बसून होते. क्रोनोवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, माझी बंदूक नापास झाली होती. ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्यानं १.४ ज्यूल दाखवले आणि त्या मैदानाची मर्यादा होती १ ज्यूल. गंमत अशी, की मला जास्त जोर कधी हवाच नव्हता. माझं दुखणं आवाजाचं होतं. ट्रिगर दाबला की आतून किंकाळी फुटायची आणि एक मॅगझिन संपेपर्यंत ग्रिपचं बूड इतकं तापायचं की हात ठेववत नसे.

पहिल्या दुरुस्तीवाल्यानं बंदूक उघडायच्या आधीच सांगून टाकलं, “मोटर गेली.” निओडिमियम चुंबकांची नवी दणकट मोटर बसवून दिली. किंकाळी आणखी वाढली. दुसरा म्हणाला, स्प्रिंगच कमजोर आहे. त्यानं एम १०० स्प्रिंग काढून जास्त जोराची एम १२० घातली आणि गिअरबॉक्सचा एक स्क्रू स्वतःकडे ठेवून घेतला. आठवण म्हणून असेल. आधीच अडकत फिरणाऱ्या मोटरला त्यानं आणखी ओझं दिलं आणि वर मला क्रोनोवर नापास केलं. दोघांनीही पहिला प्रश्न एकच विचारला होता, “भावाची आहे का?”

मग मी चिडून ती घरी उघडली. स्प्रिंग उडून कपाटामागे गेली, ते सोडा. गिअर नीट बसत नसावेत असं मला वाटलं, म्हणून शिमचं, म्हणजे गिअरची ढिलाई भरून काढणाऱ्या पातळ चकत्यांचं, पाकीट आणून मी तिन्ही गिअरखाली (मोटरला लागून बेव्हल, मधला स्पर आणि पिस्टन मागे ओढणारा सेक्टर) माझ्या बुद्धीनं चकत्या लावल्या. वर निळं ग्रीस थापलं, श्रीखंड वाढावं तसं. बंद केली, चालवली. किंकाळी होतीच, आता त्यात गुरगुर मिसळली.

अशी ती बंदूक घेऊन मी बाकावर बसले होते आणि तुम्ही शेजारी येऊन म्हणालात, “एकदा दाब बरं.” मी दाबला. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मॅगझिन काढायला लावलंत, नळी रिकामी करवून घेतलीत, बॅटरी काढून माझ्या हातात दिलीत. “ही खिशात ठेव. म्हणजे आता बंदूक तुझ्या परवानगीशिवाय चालणार नाही.” बंदूक माझी आहे हे कुणीतरी पहिल्यांदा गृहीत धरलं होतं.

नंतर तुम्ही काय काय केलंत ते इथे उगाळत नाही. ज्यांना कळतं त्यांना कळेलच, आणि बाकीच्यांना मी आणखी बिघडवायला लावीन. मला लिहायचंय ते एकाच क्षणाबद्दल.

गिअरबॉक्सचं कवच उघडलं, ते निळं ग्रीस दिसलं, आणि बेव्हल गिअर बोटानं ढकलून पाहिलात तर तो फिरेच ना. तुम्ही विचारलंत, “शिमिंग कुणी केलंय हे?”

मी म्हणाले, “दुकानात.”

खोटं बोलले, काका. दोन दुकानांत इतकं ऐकून घेतलं होतं, की ‘तू कशाला हात लावलास?’ हे तिसऱ्यांदा ऐकायची ताकद नव्हती. तुम्ही ‘हं’ म्हणालात. चिमट्यानं बेव्हलखालची एक चकती काढलीत. ०.१ मिलिमीटरची, कागदासारखी. पुन्हा बोट लावलंत आणि गिअर गरकन फिरला. मग मधल्या स्पर गिअरकडे बघत, मान वर न करता म्हणालात, “बेव्हल आवळलाय. पण ज्यानं कुणी केलंय त्यानं स्पर फार छान बसवलाय. वरखाली हलत नाही, फिरायला मोकळा आहे. हात हलका आहे त्याचा. शिकला तर चांगला होईल.”

माझ्या नखांत तेव्हाही ते निळं ग्रीस होतं. ते तुम्हाला दिसलं होतं की नाही, यावर मी तेव्हापासून विचार करते आहे. तुम्ही विषय वाढवला नाहीत, हसला नाहीत, दुकानवाल्यांना शिव्याही घातल्या नाहीत. (मी मात्र मनात घालत होते, स्वतःचा गुन्हा त्यांच्या खात्यावर टाकून.) एम १०० माझ्या डब्यातच होती, ती परत घातलीत. हरवलेल्या स्क्रूच्या जागी तुमच्या डबीतला स्क्रू गेला. शेवटी ग्रिपच्या बुडाशी असलेल्या मोटरची उंची कमीजास्त करणाऱ्या स्क्रूत ॲलन की घातलीत आणि ती माझ्या हातात दिलीत. “आता तू. थोडं थोडं फिरव, दाब, ऐक. जास्त आवळलं तर किंचाळेल, जास्त सोडलं तर दात खाईल. मधे एक जागा आहे.”

ती जागा सापडायला मला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात तुम्ही एकदाही “आण इकडे” म्हणाला नाहीत. मग अचानक किंकाळी थांबली आणि नुसता कोरडा, स्वच्छ ‘टक’ आला. नवीन मोटर बसवताना उंची पुन्हा जुळवायची असते, ही एवढी साधी गोष्ट पहिल्या दुकानात कुणी केली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. म्हणजे तुमची भेटही झाली नसती, त्यामुळे त्यांना अर्धं माफ.

जाणकार माणसं मी बरीच पाहिलीत. बहुतेकांचं ज्ञान समोरच्याला लहान केल्याशिवाय बाहेर पडत नाही. त्यांना बिघाड सापडण्यापेक्षा बिघडवणारा सापडला की जास्त आनंद होतो. तुम्हाला दोन्ही सापडले होते, असं मला आता जवळजवळ खात्रीनं वाटतं, आणि तुम्ही फक्त बिघाडाबद्दल बोललात.

तर ऐका. ते शिमिंग मी केलं होतं. ग्रीसही माझंच. आणि स्परही माझाच, काका. तो दुकानवाल्यांच्या नावावर गेला, याचं मला त्या दिवसापासून वाईट वाटतंय.

जाता जाता तुम्ही म्हणाला होता, की सिलिंडर हेडला, म्हणजे पिस्टन पुढे येऊन आदळतो त्या टोकाला, रबरी पॅड लावायचा आणि पिस्टनचा दुसरा दात घासून टाकायचा, म्हणजे सेक्टर गिअरचा पहिला दात पिस्टनला सरळ धरेल. पॅड आणलाय. कानसही आणली. पिस्टन काढून वहीवर ठेवलाय आणि त्या दातावर पेनानं खूण केली आहे. चुकीचा दात घासायची भीती वाटते, म्हणून अजून हात लावलेला नाही. पुढच्या खेळाच्या दिवशी घेऊन येते. या वेळी कुणी केलं विचारलंत, तर खरं सांगेन.

तुमची,
बॅटरी खिशात ठेवणारी