रविवारच्या ग्रामसभेची आठवण

वाड्यावरील सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता पंचायत सभागृहात ऑक्टोबरची ग्रामसभा आहे. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ नुसार यानंतरची सर्वसाधारण सभा थेट जानेवारीत, तेव्हा ही चुकवू नका.

आपला मुख्य विषय देवळामागचा व्हाळ (ओढा). वरच्या डोंगरकापणीची लाल माती पावसात वाहून आली, मोरीचं तोंड अर्धं बुजलं आणि जुलैत खालच्या घरांच्या पडवीत पाणी शिरलं. तेव्हाचे फोटो असतील तर तारखेसह छापून आणा. नुसतं तोंडी सांगून काही होत नाही, हे आपण पुष्कळदा पाहिलंय. लेखी अर्ज शुक्रवारपर्यंत सचिवांकडे द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, इनवर्ड (आवक) नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ठराव झाला की तो सूचक-अनुमोदकांच्या नावांसह इतिवृत्तात नीट उतरला का, तेही बघायला हवं.

पथदीप आणि कचरा हे विषय व्हाळानंतर घेऊ.

पंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. म्हणून घरटी एकानं येऊन भागणार नाही, सगळे या. बायकांनी तर जरूर बोलावं, पडवीतला चिखल त्यांनीच उपसलाय.

वयस्कर मंडळींसाठी साडेनऊला पिंपळाकडे रिक्षा उभी असेल.