काकांच्या गोळीवरून

नाशिक, शनिवार रात्र

मन्या,

परवा फोनवर विचारलंस ना, काकांची ती व्हेनेटोक्लॅक्सची गोळी कॅन्सरच्या पेशी मारते म्हणजे नक्की काय करते, तेव्हा मी गंगापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, हो हो करून ठेवून दिला. आता लाइट गेलीये, पाऊस चालूये, मोबाइलवरच लिहितोय.

मजा अशी की मारायला बाहेरून कोणी यावंच लागत नाही रे. सायटोक्रोम सी म्हणून एक छोटंसं प्रोटीन, मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या वीजघराच्या, दोन पडद्यांमधल्या फटीत राहतं, रोज इलेक्ट्रॉनची हमाली करतं, त्यावरच पेशीचा दाणापाणी. पण बॅक्स आणि बॅक नावाच्या दोन प्रोटीन्सनी बाहेरच्या पडद्याला भोकं पाडली की हेच बाहेर सांडतं, ॲपॅफ-१ नावाचं प्रोटीन त्याला धरतं, कॅस्पेस नावाचे कापणारे एन्झाइम जागे होतात आणि पेशीचे आतून तुकडे करतात. यातलं सायटोक्रोम सी कॅस्पेस जागे करतं हे १९९६ ला शाओडोंग वांग या शास्त्रज्ञाच्या लॅबने दाखवलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूकच वाटली.

आतल्या पडद्यावरचं एएनटी नावाचं प्रोटीन पण तसलंच दुहेरी. एक एटीपी (ऊर्जेने भरलेला रेणू) बाहेर, एक एडीपी (तोच, वापरून झालेला) आत, पिंपळगावच्या मार्केटला भरली क्रेट उतरवून रिकामी घेऊन यायची ना, डिट्टो. इंडोनेशियात खोबऱ्याच्या टेम्पेत (आंबवलेल्या वडीत) कधी एक बॅक्टेरिया वाढतो, त्याचं बोंगक्रेकिक ॲसिड हे दार जाम करतं, माणसं मेलीयेत त्याने. आणि लॅबमध्ये तेच विष मायटोकॉन्ड्रियाला कॅल्शियमच्या माऱ्यात फुगण्यापासून वाचवतं! डोकं फिरतं.

तर काकांचं. त्यांच्या सीएलएलच्या, म्हणजे त्या रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशींत बीसीएल-२ नावाचं प्रोटीन खूप असतं, ते बॅक्स-बॅकला दाबून धरतं, म्हणून त्या मरतच नाहीत. गोळी त्या बीसीएल-२लाच गुंतवते, बाकी काम पेशी स्वतःच करते. आणि २० मिलीग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत पाचव्याला ४०० वर नेतात ते उगाच नाही हां, एकदम ढीगभर पेशी फुटल्या तर सगळा कचरा किडनीवर येतो, म्हणून पाणी प्यायला लाव, कंटाळा करतील ते, ओळखतो मी त्यांना.

आणि गोळीच्या कागदावर ग्रेपफ्रूट नको लिहिलंय ते आपलं द्राक्ष नव्हे रे, पपनसाच्या जातीचं फळ आहे, तू उगाच काकांची द्राक्षं बंद केलीस. तरी डॉक्टरांना एकदा विचारून घे, मग सीझनला पेटी घेऊन येतोच.

तुझा,
बाळ्या