पाळीचं कापड वाळत घालायची जागा शोधून देणाऱ्या मावशींना

आश्रमशाळेतल्या कामाठी मावशी,
सप्रेम नमस्कार.

पाळीच्या शिक्षणाचं श्रेय वाटायची वेळ आली की डॉक्टरांचं नाव निघतं, नर्सताईंचं निघतं, विज्ञानाच्या बाईंचं निघतं. कामाठीचं निघत नाही. वसतिगृहातल्या मुली मात्र पहिल्यांदा कपड्याला डाग दिसला की नळावर भांडी घासत असलेल्या तुमच्याकडेच येतात. तुमचे आभार मानायचेच आहेत. आम्ही आरोग्यशिक्षण गटातल्या ताया हे पत्र उघडं लिहितोय ते यासाठी, की जव्हार-मोखाड्याकडच्या, धडगावकडच्या, भामरागडकडच्या आश्रमशाळांतल्या मावशींनाही हे वाचून तसंच करता यावं. म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही पुन्हा सविस्तर लिहिल्या आहेत.

शाळांत सांगतात ते असं : पॅड कसं लावायचं, किती तासांनी बदलायचं, कापड वापरत असाल तर उन्हात वाळवा. कुठल्या उन्हात, ते कुणी सांगत नाही. शाळा उघडते जूनच्या मध्याला, पाऊसही तेव्हाच उघडतो, आणि घर सोडून पहिल्यांदा वसतिगृहात आलेल्या मुलींना पाळी सांभाळायची असते ती नेमक्या याच दिवसांत. मग कापड वाळतं गादीखाली, पेटीत, नाहीतर परकराच्या आत लपवून. कापडावर खापर फोडणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं असतं की खाज, पुरळ, कुबट वास यांचं मूळ बहुतेक वेळा ओलसर राहिलेल्या कापडात असतं.

तुम्ही जागा निवडलीत ती स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत. शाळा बांधणाऱ्यांच्या डोक्यात हे आलं नव्हतं. उत्तरेच्या भिंतीला नोव्हेंबर ते जानेवारी ऊन शिवतसुद्धा नाही, आणि नेमकी तीच बाजू ‘आडोशाची’ म्हणून मुलींना दाखवलेली असते. आडोशासाठी तुम्ही अडुळसा लावलात. त्याला शेळी तोंड लावत नाही, छाटला की दाट फुटतो. कुंपण चार फुटांचं ठेवलंत आणि दोरी त्याच्यापासून पाच फूट आत बांधलीत. डिसेंबरात भर दुपारीही चार फुटांच्या कुंपणाची सावली जवळजवळ चार फूट पडते, त्यामुळे कुंपणाला खेटून बांधलेली दोरी हिवाळाभर सावलीत राहिली असती. तार काढून नायलॉनची दोरी लावलीत हेही बरं केलंत. तार गंजते, गंजाचा डाग कापडावर उतरतो, आणि मुलगी तो रक्ताचा समजून घासत बसते.

पावसाळ्यासाठी त्याच भिंतीवर पारदर्शक पत्रा आला, बाजू मोकळ्या राहिल्या. इथे लोकांची एक चूक होते. पत्र्यातून उजेड येतो म्हणजे ऊन आलं असं धरून चालतात. उन्हातले जंतू मारणारे किरण त्या पत्र्यात बरेचसे अडतात. पत्र्याखाली कापड वाळतं ते वाऱ्यानं आणि चुलीमागच्या भिंतीच्या उबेनं. म्हणून तिथून काढलेल्या कापडावर घडी घालण्याआधी गरम इस्त्री फिरवायची. चुलीच्या वर दांडी बांधून वाळवणं मात्र नको. कापड लवकर वाळतं खरं, पण त्यावर काजळी बसते आणि ती कातडीला लागते.

कापड वाळलं की नाही हे पाहायची तुमची पद्धत आम्ही आता सगळीकडे सांगतो. बोटांनी चाचपायचं नाही, गालाला लावायचं. गार लागलं तर अजून ओल आहे, कारण ओल उडताना कातडीची ऊब घेऊन जाते. भांडी घासून राठ झालेल्या बोटांना जे कळत नाही ते गालाला लगेच कळतं. वाळलेलं कापड सुती पिशवीत ठेवायचं, प्लास्टिकच्या नाही.

आता कापडाविषयी. बाजारात मिळणारी जाड शिवलेली कापडी पॅडं उन्हाळ्यात ठीक, पण पावसाळ्यात त्यांचे आतले थर वाळता वाळत नाहीत. तुम्ही वापरता ती पद्धत सुटसुटीत आहे : एक आसन, म्हणजे चड्डीवर बसणारा दुपदरी कापडी तळ, आणि त्यावर घडी. घडी म्हणजे 24 सेंमी लांब-रुंद चौकोनी तुकडा, तीन पदरी दुमडला की 8 सेंमी रुंदीचा होतो. जास्त जाण्याच्या दिवशी दोन तुकडे, म्हणजे सहा पदर. धुताना तुकडा पूर्ण उघडतो आणि एकेरी वाळतो, सगळी मेख तिथेच आहे. जुन्या सुती साडीतून विरलेला भाग, काठ आणि पदर सोडून 60-70 तुकडे निघतात. कडांना पिको हवं, नाहीतर चार धुण्यांत दोरे सुटतात. साडी सुती आहे की टेरिकॉट, हे एक दोरा जाळून कळतं. सुती दोऱ्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख होते. टेरिकॉट आक्रसतं आणि काळा टणक मणी उरतो. कापड नवं असेल तर धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवून दोन-तीनदा धुवायचं. खळ गेल्याशिवाय ते पाणी पीत नाही, ओघळ वरून वाहून जातो.

रंगावरून मुली भांडतात. त्यांना गडदच हवं असतं. पण गडद कापड डाग लपवतं आणि धुणं पुरं झालं की नाही हे कळू देत नाही. तुम्ही काढलेला तोडगा, आसन गडद आणि घडी फिक्या रंगाची, दोन्ही बाजूंना पटला.

किती तुकडे लागतात याचा हिशेब कुठल्याच पत्रकात नसतो. दर चार ते सहा तासांनी बदलायचं म्हटलं तर जास्तीच्या दिवशी चार वेळा, दोन-दोन तुकडे, म्हणजे दिवसाला 8. उन्हाळ्यात संध्याकाळी धुतलेलं दुसऱ्या दिवशी दुपारी हातात येतं, तेव्हा 12 तुकड्यांत भागतं. पावसात वाळायला दोन दिवस जातात, तिथे 24 लागतात. मुलींच्या हातात सहा तुकडे ठेवून ‘कापड वापरा’ म्हणणं म्हणजे त्यांना ओलं कापड वापरायला लावणंच. 24 जमत नसतील तर पावसाळ्यात बाजारचं पॅड वापरावं, त्यात कमीपणा काही नाही.

धुताना आधी गार पाणी. गरम पाण्यानं रक्तातली प्रथिनं गोठून धाग्यात बसतात आणि डाग पक्का होतो. अर्धा तास भिजवून, साबण लावून, पाणी नितळ येईपर्यंत खळबळायचं. उकळायचं ते पाळी संपल्यावर एकदा, डाग गेल्यानंतर.

जास्वंदीच्या प्रयोगाबद्दल वेगळे आभार. परसबागेतली फुलं तुम्ही दिलीत आणि त्यातून आमचा सगळ्यात अवघड तास सोपा झाला. मुलींना ‘आत साबण लावू नका’ म्हटलं की त्या मान डोलावतात आणि लावतात, कारण अस्वच्छ वाटतं. तर लाल, एकेरी जास्वंदीच्या 8-10 पाकळ्या कपभर कडकडीत गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवायच्या आणि पाणी गाळून चार पांढऱ्या वाट्यांत ओतायचं. स्टीलच्या वाटीत रंगाचा फरक दिसत नाही. पहिली वाटी तशीच ठेवायची, दुसरीत लिंबाचे थेंब, तिसरीत कपड्याच्या साबणाचं पाणी, चौथीत चुलीच्या राखेचं निवळलेलं पाणी. लिंबाची वाटी गडद गुलाबी होते. साबणाची हिरवट, आणि राखेचीही हिरवट. मग सांगायचं की योनिमार्ग निसर्गतः आंबट बाजूचा असतो, तिथले चांगले जिवाणू तो तसा राखतात, आणि त्या आंबटपणामुळे बाकीचे जंतू माजत नाहीत. साबण काय किंवा राख काय, दोन्ही तो आंबटपणा मोडतात. बाहेरून साधं पाणी पुरतं, आतून काहीच लागत नाही. कापडात राख भरून वापरायची जुनी सवय का सोडायची, याचं उत्तर मुलींना त्या चौथ्या वाटीतून आपोआप मिळतं. लिंबू आंबट म्हणून ते आत लावायचं नाही, हेही त्याच तासाला सांगून टाकावं. हा प्रश्न येतोच. कडुलिंबाचा काढा, हळद यांचंही तेच. झाडापासून आलं म्हणजे निर्धोक, असं नसतं.

प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. फूल आदल्या दिवशीचं कोमेजलेलं किंवा पिवळं असतं, नाहीतर बोअरचं जड पाणी स्वतःच रंग बदलतं. तशीच ठेवलेली पहिली वाटी त्यासाठीच असते. पाणी दोष देत असेल तर पावसाचं वापरावं.

भोपळ्याच्या वेलावरचा तास तुमच्यामुळेच बसला. मादी फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा असतो, नर फुलाला नसतो. परागकण पोचले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. बीज आणि फलन समजावायला इतकं उघड उदाहरण पुस्तकात नाही. पण तुलना तिथेच थांबवावी लागते. वेलाला पाळी येत नाही, आणि पाळीत जे बाहेर पडतं ते गर्भाशयाचं अस्तर असतं. मुख्य म्हणजे, गळलेलं फळ ‘वाया गेलं’ असा सूर लागता कामा नये. तेराव्या वर्षी आलेली पाळी हे मूल न झाल्याचं लक्षण नव्हे, आणि लग्नाला तयार झाल्याची वर्दी तर मुळीच नव्हे. रक्त किती जातं हेही तेव्हाच मापून दाखवावं : एका पाळीत साधारण 30 ते 80 मिली, म्हणजे चहाच्या छोट्या कपापेक्षा जास्त नाही. ‘अंगातलं सगळं रक्त चाललं’ ही भीती तिथे ओसरते.

दिवस मोजायला तुम्ही चिंचोके दिलेत. पाळी सुरू झाली त्या दिवसापासून रोज रात्री डबीत एक चिंचोका, पुढची पाळी आली की मोजायचे, वहीत आकडा लिहायचा, डबी रिकामी. चंद्राकडे बघून मोजणाऱ्या मुलींनाही आम्ही अडवत नाही. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे अंदाज बांधायला बरा पडतो. पण पाळी चंद्रामुळे येत नाही, आणि पहिली दोन-तीन वर्षं 21 ते 45 दिवसांत कधीही आली तरी ते नेहमीचंच. दिसायला सुंदर म्हणून काही ठिकाणी गुंजांची माळ करायला सांगतात. कृपा करून करू नका. गुंजेचं बी जहाल विषारी असतं, आणि ओवायला भोक पाडलं की त्याचं टणक कवच फुटतं.

जेवणाबद्दल थोडक्यात. बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, हे खरं नाही. पालेभाजीवर लिंबू किंवा सोबत आवळा, आणि जेवणालगत चहा नाही, एवढ्यानं अंगी लागणारं लोह वाढतं. आठवड्याची निळी गोळी, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची, जेवल्यावरच. गोळीनंतर शौचाला काळं होतं हे आधी सांगितलं नाही तर मुली घाबरून गोळी खिडकीबाहेर टाकतात, आणि तुम्हाला ती झाडताना सापडते.

वापरून जीर्ण झालेली सुती घडी धुऊन, कातरून खतखड्ड्यात जाते; तिच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला वर घालायचा. बाजारच्या पॅडाला खालून प्लास्टिक असतं आणि आत पाणी शोषून फुगणारे कण. ते खड्ड्यात कुजत नाही, शौचालयात टाकलं तर नळी तुंबते, आणि चुलीत जाळलं तर तो धूर तुमच्याच छातीत जातो. कागदात गुंडाळून वेगळ्या झाकणाच्या डब्यात. धुण्याचं पाणी शोषखड्ड्यात, तेही विहिरीपासून 50 फूट तरी लांब.

आणि एक गोष्ट तुम्ही कुणाला न सांगता केलीत. पाळी आलेल्या मुलींना बागेतून बाजूला बसवलं नाहीत. त्यांनी मिरची तोडली, तुळशीला पाणी घातलं, लोणच्यासाठी लिंबं चिरली. काही सुकलं नाही, काही नासलं नाही. आमच्या भाषणांनी विटाळ इतका हलला नसता.

कुठली मुलगी दवाखान्यात न्यायची, हेही तुम्ही नेमकं ओळखता : तासा-दोन तासाला कापड भिजतंय, सात दिवसांवर जातंय, तीन महिने आलीच नाही, पंधरावं सरलं तरी सुरू झाली नाही, दुखण्यानं वर्ग बुडतोय, किंवा तापासोबत घाण वास येतोय. अशा वेळी काढा देऊन थांबायचं नाही, हे तुम्ही सांभाळलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

यंदाच्या नव्या मुलींसाठी दोन मीटर फ्लॅनेल आणि टिचबटणांचं पाकीट पाठवतोय. 90 सेंमी पन्ह्याच्या एका मीटरमधून दुपदरी आठ आसनं निघतात, प्रत्येकी 25 बाय 20 सेंमी. कापण्याआधी कापड एकदा धुऊन घ्या, नाहीतर शिवल्यावर आटेल. बटणं पितळेची आहेत, गंजणार नाहीत. घडी अडकवायच्या पट्ट्या दोन्ही टोकांना आडव्या शिवा आणि मशीनवर दुहेरी टीप घाला; गेल्या खेपेला आधी त्याच उसवल्या होत्या.

तुमच्या,
आरोग्यशिक्षण गटातल्या ताया