वेडाचं कौतुक लांबूनच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला वेड आणि प्रतिभा यांवरचा लेख वाचला. लेखकाचा व्यासंग दिसतो आणि लेख वाचनीयही आहे. पण शेवटी 'वेड म्हणजे शहाण्या जगाला न पेलणारी नैतिकता' अशा अर्थाचं एक वाक्य आहे, तिथे मी अडले. मी तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं स्किझोफ्रेनिया झालेल्या थोरल्या भावाबरोबर एका घरात काढली. तेव्हा या वाक्याशी माझं भांडण दोन्ही अंगांनी आहे.

लेखाची सुरुवात जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या घोड्याने होते. अशा लेखांची ती बहुधा तिथूनच होते. ३ जानेवारी १८८९, इटलीतलं तुरीन. गाडीवान घोड्याला झोडपतोय, नीत्शे धावत जाऊन घोड्याच्या गळ्यात पडतो आणि कायमचा कोसळतो. आयुष्यभर करुणेवर टीका करणारा माणूस करुणेनेच वेडा झाला! कुणालाही मोह पडावा अशी गोष्ट. पण तिचा पुरावा कच्चा आहे. ती छापून आली तीच मुळी बऱ्याच वर्षांनी. शिवाय रशियन लेखक दोस्तोयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' या १८६६ च्या कादंबरीत नायक रास्कोलनिकोव्हला स्वप्न पडतं, त्यातही झोडपून मारून टाकलेल्या घोडीला एक लहान मुलगा मिठी मारतो. नीत्शेने दोस्तोयेव्हस्की वाचला होता. खात्रीने सांगता येतं ते पुढचं. नीत्शे त्यानंतर अकरा वर्षं जगला. १८९० पासून आईने, फ्रान्झिस्काने, त्याला घरी सांभाळलं, १८९७ मध्ये ती गेली तोवर. त्या सात वर्षांवर कुणी पुरवणी काढलेली मला आठवत नाही.

आता आमचा दादा. तो बावीस वर्षांचा असताना त्याला वाटू लागलं की, घरातून बाहेर पडताना उंबऱ्यावर पाय चुकीचा पडला तर त्या दिवशी तो ज्याला पाहील तो मरेल. एकदा सकाळी तो तीन तास उंबऱ्याशी उभा होता. डावा पाय उचलायचा, पुन्हा खाली टेकवायचा. बाहेर पडलाच तर मान खाली घालून चालायचा, कुणी नजरेला पडू नये म्हणून. लोक म्हणत, पोरगा तुसडा झाला.

मी तेव्हा कॉलेजात नुकतीच तर्कशास्त्र शिकायला लागले होते. नवा मुसलमान बांग जोरात देतो, तशी मी त्याच्याशी वाद घालायला गेले. "परवा तुझा पाय चुकला होता आणि तू मला पाहिलंस. मी मेले का?" तो शांतपणे म्हणाला, "नाही मेलीस. रात्रभर जागून तुझं नाव घेत बसलो होतो मी."

यावर काय बोलणार? इंग्रज लेखक चेस्टरटनने १९०८ मध्ये लिहिलंय की वेडा म्हणजे बुद्धी गमावलेला माणूस नव्हे, बुद्धी सोडून बाकी सगळं गमावलेला माणूस. हे वाक्य मी पुढे प्रत्येक वर्गात सांगितलं, पण ते अर्धंच खरं आहे. दादाची बुद्धी शाबूत होती हे खरंच, पण त्याने नीतीही गमावली नव्हती. उलट ती उतू चालली होती. रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या जिवाची जबाबदारी त्याने अंगावर घेतली होती. आता कुणी म्हणेल, मग पुरवणीतला लेखक बरोबरच बोलतोय की! नाही. कारण त्या जबाबदारीचा एकाही माणसाला उपयोग नव्हता आणि दादाला झोप नव्हती. त्या काळात त्याचं वजन इतकं घटलं होतं की शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा.

औषध लागू पडायला दीड वर्ष गेलं. बरं वाटायला लागल्यावर एके दिवशी तो म्हणाला, "आता कुणी मरत नाही. म्हणजे माझं कामही नाही." जगण्याचा अर्थ या विषयावर मी पुष्कळ वाचलं आणि शिकवलं, पण इतकं थेट वाक्य मला ग्रंथात सापडलं नाही. भ्रम गेला तेव्हा त्याच्याबरोबर दादाचं जगातलं स्थानही गेलं होतं, आणि आम्ही बाकीचे पेढे वाटायच्या मनःस्थितीत होतो.

वेडाचा इतिहास लिहिणाऱ्या फ्रेंच विचारवंत फूकोवर मात्र माझा राग नाही. १६५६ साली पॅरिसमध्ये गरीब, बेकार आणि वेडे एकाच व्यवस्थेखाली कोंडायला सुरुवात झाली आणि वेड्याचं म्हणणं ऐकण्याची गरजच संपली, हे त्याने १९६१ मध्ये मांडलं. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं उदाहरणही त्यातलंच. १६४१ च्या ग्रंथात देकार्त सगळ्यावर शंका घेतो, पण आपलं अंग काचेचं आहे असं समजणाऱ्यांचा विषय 'ते वेडे आहेत' म्हणून दोन ओळींत मिटवतो. देरिदा या दुसऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९६३ मध्ये फूकोचं हे वाचन खोडून काढायचा प्रयत्न केला. हा वाद मी दोन तासिका रंगवून सांगत असे. घरी येऊन दादाची गोळी पोटात गेली की गादीखाली, तेही बघत असे.

माझी तक्रार आहे ती समोरच्याच्या दुःखाला परस्पर अर्थ चिकटवणाऱ्यांबद्दल. रशियन लेखक चेखॉव्हच्या १८९२ मधल्या 'वॉर्ड नंबर सहा' या कथेतला डॉक्टर रागिन याच जातीचा. वॉर्डात खितपत पडलेल्या ग्रोमोव्हला तो समजावतो की, उबदार अभ्यासिका आणि हा वॉर्ड यांत फरक नाही, समाधान माणसाच्या आत असतं. ग्रोमोव्ह त्याला सुनावतो, हे तत्त्वज्ञान ग्रीसमध्ये जाऊन सांगा, तिथे ऊब आहे; मला दुखलं की मी ओरडतो. पुढे रागिनलाच त्या वॉर्डात डांबतात, पहारेकरी निकिता त्याला बुकलून काढतो आणि दुसऱ्या दिवशी तो मरतो. फरक आहे हे त्याला कळलं, पण एकच रात्र हातात असताना. वेडाला दिव्यदृष्टी म्हणणारेही मला रागिनचेच भाऊबंद वाटतात. फक्त त्यांची अभ्यासिका जास्त उबदार.

आणखी एक सांगायचं आहे, जरा अवघड आहे. एकदा दादाने मला ढकललं आणि माझं मनगट मोडलं. जो तो म्हणाला, त्याचा काय दोष, त्याला कुठे कळतंय. दादा बरा झाल्यावर त्याला याचाच सगळ्यात जास्त राग होता. "ढकललं मीच ना? मग माफी कुणी मागायची, आजाराने?" पॅरिसमध्ये १९८० साली तत्त्वज्ञ अल्थुसेरने पत्नी एलेनचा गळा दाबून जीव घेतला. तो वेडाच्या भरात होता म्हणून खटलाच उभा राहिला नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १९९२ मध्ये, आलेल्या आत्मकथनात त्याची खंत हीच आहे की, दोषमुक्तीने आपलं तोंड बंद केलं. ही खंत मला समजते. पण सगळ्या चर्चेत अल्थुसेर बोलतो आणि एलेन नुसती मेलेली असते, हेही मला दिसतं. मनगट माझं होतं, म्हणून असेल. दादाने माफी मागितली, मी ती घेतली. 'अगं, त्यात काय एवढं' असं म्हणाले नाही.

काम नाही म्हणून बसलेल्या दादाला मी शेवटी काय दिलं, तर उत्तरपत्रिकांची बेरीज. नियमाबाहेरचं होतं; आता मी निवृत्त आहे आणि दादाही नाही, सांगायला हरकत नसावी. नावं झाकून गठ्ठा त्याच्यासमोर ठेवायचे. तो प्रत्येक पान दोनदा तपासायचा. माझी बेरीज चुकली असेल तिथे पेन्सिलीने बारीक टिंब. कुणाच्या तरी तीन गुणांची काळजी तो दुपारभर करत बसायचा आणि रात्री झोपायचा. माझ्या शेवटच्या गठ्ठ्यात त्याची सहा टिंबं होती. पाच ठिकाणी त्याचं बरोबर होतं. सहाव्यासाठी आम्ही दोघं दिवे लागेपर्यंत भांडलो.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया छापू नये.)