पेटंटची बातमी छापण्याआधी एवढे विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘शेतकऱ्याच्या मुलाने बनवले अमुक यंत्र’, ‘दहावी नापास तरुणाची कमाल’ अशा बातम्या मराठी दैनिकांत वरचेवर येतात आणि मी त्या आवडीने वाचतो. कुपवाडच्या एमआयडीसीत माझे छोटे वर्कशॉप आहे. लेथ, ड्रिल, वेल्डिंग, जे येईल ते जॉबवर्क. डोक्यात काहीतरी घेऊन आलेली माणसे सॅम्पल बनवून घ्यायला आमच्यासारख्यांकडेच येतात, त्यामुळे बातमीच्या आधीचे आणि नंतरचेही थोडेफार दिसते. तक्रार अशी, की पुष्कळदा त्या बातमीनेच बिचाऱ्याचा शोध हातचा जातो.

उदाहरण हळदीचे. काढणीनंतर गड्डे आणि हळकुंडे हाताने वेगळी करावी लागतात, मजुरी फार जाते. आमच्याकडच्या एका तरुणाने त्यासाठी फिरत्या ड्रमचे यंत्र केले. खुबी होती ड्रमवरच्या रबरी दांड्यांच्या तिरक्या कोनात; सरळ बसवले की हळकुंडे मोडत, जास्त तिरके केले की गड्ड्याला लागूनच राहत. तो कोन सापडेपर्यंत त्याने माझ्याकडे दांड्यांचे ब्रॅकेट किती वेळा कापून पुन्हा वेल्ड करायला लावले ते विचारू नका. मग एका दैनिकाचा (तुमच्या नव्हे) वार्ताहर आला. फोटो चांगला यावा म्हणून त्याने वरचे पत्र्याचे झाकण काढायला लावले. छापून आलेल्या फोटोत दांडे, कोन, बेअरिंगची बैठक, सगळे स्वच्छ. मजकुरात मोटर किती एचपीची आणि पुलीचे माप काय तेही. गावात सत्कार झाला. पुढच्या हंगामात शेजारच्या तालुक्यातले दोन फॅब्रिकेटर तेच यंत्र विकत होते आणि त्यांच्यावर बोट ठेवायला या पोराजवळ कागदाचा एक चिटोरासुद्धा नव्हता.

पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो आणि हा नवेपणा अर्जाच्या तारखेला पाहतात. त्याआधी संशोधकाच्या संमतीने रचना उघड होईल असे काही छापून आले, तर ती बातमीच पुढे अर्जाला आडवी येते. कायद्यात सवलत आहे, पण अरुंद. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात यंत्र मांडले किंवा विद्वत्सभेपुढे निबंध वाचला, तर बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. तालुक्याच्या कृषी मेळाव्यातला स्टॉल यात सहसा बसत नाही, वर्तमानपत्रातला फोटो तर नाहीच.

उपाय अवघड नाही. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाकायचा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1600 रुपये आहे. तारीख पक्की होते आणि पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. या काळात खुशाल कंपन्यांना यंत्र दाखवा. पेटंट एजंटची फी वेगळी, आणि ती हलकी नसते. पण मसुदा जाणकाराकडूनच करून घ्यावा, कारण जे लिहायचे राहिले त्याला ही तारीख मिळत नाही. तळागाळातल्या संशोधकांसाठी गांधीनगरचे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान 2000 सालापासून आहे, ते अर्जासाठी मदतही करते. ही माहिती बातमीखाली दोन ओळींत छापली तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट मथळ्यांची. ‘पेटंट मिळाले’ असा मथळा आणि आत वाचावे तर अर्ज नुसता प्रकाशित झालेला. दर शुक्रवारी पेटंट कार्यालयाचे जर्नल निघते. अर्ज त्यात साधारण 18 महिन्यांनी आपोआप येतो, जास्तीची फी भरली तर लवकर. परीक्षण अजून व्हायचे असते, त्याची फी वेगळी. लग्नपत्रिका छापली म्हणजे लग्न लागले असे कुणी म्हणत नाही. त्याहून गमतीचा प्रकार म्हणजे प्राध्यापक मंडळींना मिळालेले ‘ब्रिटनचे पेटंट’. कागद पाहिला तर ती डिझाइनची नोंदणी असते. डिझाइनने संरक्षण मिळते ते वस्तूच्या दिसण्याला, ती चालते कशी याला नाही. शिवाय ते डिझाइन नवे आहे का, हे ब्रिटनचे कार्यालय नोंदणी करताना तपासतच नाही. बढतीच्या फायलीत असा कागद शोभत असेल, पण कारखानदार त्यावर पाच पैसे देणार नाही.

आणि पेटंट खरोखर मिळाले तरी पैसे लगेच कुठे येतात? कौतुक आणि कमाई यांतले अंतर पाहायचे तर चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे आठवावेत. ‘एचएमटी’ तांदूळ त्यांनी निवडून निवडून सिद्ध केला. पुढे कृषी विद्यापीठाने त्यावर काम करून ‘पीकेव्ही एचएमटी’ वाण आणला, आणि श्रेय कुणाचे हा वाद शेवटपर्यंत राहिला. बियाण्यावर आपल्याकडे पेटंट मिळत नाही, आणि शेतकऱ्याला वाणावर हक्क देणारा कायदा 2001 साली झाला, तोवर एचएमटी पार पसरलेला होता. मानसन्मान भरपूर झाले. जून 2018 मध्ये ते गेले, तेव्हाच्या बातम्या मात्र आजारपणातल्या ओढाताणीच्या होत्या.

यंत्राच्या बाबतीत निदान करार हातात असतो, आणि गफलत होते ती तिथेच. लायसन्स देणे म्हणजे मालकी स्वतःकडे ठेवून वापरायची परवानगी देणे. असाइनमेंट म्हणजे पेटंट विकून मोकळे होणे. दोन्ही लेखीच लागते, तोंडी शब्दाला कायद्यात किंमत नाही. पहिल्या भेटीत शंभरच्या स्टँपवर ‘सर्व हक्क देत आहे’ असे लिहून देणारी माणसे मी पाहिली आहेत. रॉयल्टी, म्हणजे शोध वापरल्याचा मोबदला, ‘नफ्यावर’ असे लिहिले असेल तर विसरा. नफा कागदावर शून्य दाखवणे आपल्याकडच्या कोणत्याही हिशेबनिसाच्या डाव्या हातचा मळ आहे. ती बिलाच्या रकमेवर किंवा दर नगामागे असावी, आणि खप होवो न होवो, वर्षाला किमान अमुक रक्कम मिळेल असे कलम हवे. नाहीतर स्पर्धकाच्या हाती पडू नये म्हणून कंपनी लायसन्स घेऊन कपाटात ठेवते. ठरावीक मुदतीत उत्पादन सुरू झाले नाही तर हक्क परत, हेही लिहून घ्यावे. पेटंट 20 वर्षांचे असते आणि तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाची फी लागते. ती कोण भरणार, हे करारात नसले की दोघेही एकमेकांवर विसंबतात आणि पेटंट बंद पडते.

‘आम्ही तुमचा शोध विकून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असे फोन करणारे एक वेगळेच खाते आहे. जर्नलमध्ये नाव आले की हे फोन सुरू होतात. विक्रीतून टक्केवारी घेणारा मध्यस्थ मी समजू शकतो. आगाऊ पैसे मागणाऱ्याची कमाई तिथेच झालेली असते, पुढे यंत्र विकायचे त्याला कारण काय?

तेव्हा आपल्या वार्ताहरांना एवढेच सांगावे: यंत्राची बातमी करताना अर्ज क्रमांक आणि तारीख विचारा. अर्ज प्रकाशित झाला असेल तर तो पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. अर्जच केलेला नसेल, तर यंत्र काय काम करते ते जरूर लिहा, कसे करते ते राहू द्या. फोटो झाकण लावून घ्या. डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला ‘किसान’ हे शेतीचे प्रदर्शन भरेल, तेव्हा तिथे अशी दहा-वीस यंत्रे उघडी ठेवलेली सापडतील. या वर्षी प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात, स्टॉल लावण्यापूर्वी काय करावे याची एक चौकट छापता आली तर पाहावे.

आपला,
एक जॉबवर्कवाला
कुपवाड, जि. सांगली